अकरावा क्रमांक

लांब पल्ल्याची शर्यत मनासारखी झाली नाही की धावपटूची समजूत घालायला दोन तऱ्हेची माणसं येतात. एक म्हणतात, झालं गेलं विसर, पुढची बघ. दुसरे म्हणतात, ही सल जपून ठेव, तीच तुला पळवेल. दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात, पण त्या दिवशी नेमकं काय घडलं हे बघायला दोघंही थांबत नाहीत. निकाल त्या शर्यतीबद्दल बरंच सांगतो, धावणाऱ्याबद्दल फार थोडं. आपण मात्र त्यावरून थेट माणसाची कुवत ठरवून मोकळे होतो, आणि निराशा खोल जाते ती तिथे. माझं म्हणणं एवढंच, की निकालाचा अर्थ जितका मर्यादित ठेवाल तितका तो खरा असतो, आणि सावरायलाही तोच उपयोगी पडतो.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची कारकीर्द या दृष्टीने नीट पाहण्यासारखी आहे. त्याची शर्यत 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे 28 अडथळे आणि त्यांशिवाय सात वेळा पाण्यावरची उडी. हा पाण्याचा खड्डा अडथळ्याजवळ खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो. दमलेल्या पायांची उडी तोकडी पडली की धावपटू खोल पाण्यात उतरतो, आणि तिथून वर येताना गेलेला वेळ भरून निघत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये साबळेने 8 मिनिटे 18.12 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही तो प्राथमिक फेरीतच बाहेर पडला. अंतिम फेरी हुकलेल्यांत सर्वांत वेगवान तोच होता. आयुष्यातली सर्वोत्तम धाव आणि स्पर्धेतून गच्छंती, दोन्ही एकाच सकाळी. 2022 च्या जुलैमध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत तो अकरावा आला, वेळ 8:31.75. शर्यतच इतकी संथ झाली की विजेत्या सौफियान एल बक्कालीलाही 8:25.13 लागले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे 8:11.20 मध्ये धावला. सुवर्ण अवघ्या 0.05 सेकंदाने हुकलं, पण 1998 पासून या शर्यतीची सगळी पदकं नेणाऱ्या केनियाची मक्तेदारी मोडली. 2023 मध्ये बुडापेस्टला पुन्हा प्राथमिक फेरीत बाद, आणि सहा आठवड्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पुढे पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो पुन्हा अकरावा आला, पण या वेळी 8:14.18 मध्ये. युजीनचा अकरावा आणि पॅरिसचा अकरावा यांच्यात सतरा सेकंदांहून अधिक अंतर आहे. क्रमांकाच्या रकान्यात ते दिसत नाही.

क्रमांकात इतरांचं धावणंही मिसळलेलं असतं, हे उघड आहे. हौशी मॅरेथॉन धावपटू म्हणेल, माझी स्पर्धा घड्याळाशी, तिथे तरी आकडा खरा ना? तोही पुरता नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये पहाटेच्या गारव्यात पाय हलके वाटतात आणि ठरवलेल्यापेक्षा किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद वेगाने पळणं सहज होऊन जातं. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो तेव्हा तीस किलोमीटर मागे पडलेले असतात, ऊन चढलेलं असतं, स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा तळाला गेलेला असतो. तिथे जी वीस मिनिटं जातात त्यांचं कारण बहुधा पहिल्या दहा किलोमीटरमध्ये असतं. महिनोन् महिने केलेल्या सरावात खोट असेलच असं नाही. घरी येऊन ‘आपल्यात दमच नाही’ असं ठरवणारा धावपटू त्या सरावावर अन्याय करतो, आणि सुरुवातीच्या घाईला मोकळं सोडतो. तीच घाई मग पुढच्या वर्षी पुन्हा होते.

यावर आक्षेप येतो, की या सगळ्या सबबी झाल्या. तो रास्त आहे. ऊन, चढ, गर्दी ही नावं घेऊन स्वतःला सोडवणारे पुष्कळ असतात. पण सबब आणि कारण यांच्यातला फरक तपासता येतो. सबब सांगून माणूस थांबतो, कारण कळलं की पुढच्या सरावात काहीतरी बदलतं. दुसरी कसोटी अधिक कठीण आहे: हेच निकष आपण चांगल्या शर्यतीलाही लावतो का? वारा पाठीशी होता, वेगवान सोबत मिळाली, म्हणून वेळ सुधारली, हे जो प्रामाणिकपणे मान्य करतो त्यालाच वाईट दिवशी उन्हाचं नाव घेण्याचा अधिकार आहे. सल जपणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांचं औषध धोक्याचं वाटतं. मॅरेथॉननंतर स्नायू पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात, आणि अपमान धुऊन काढायचा म्हणून त्याच आठवड्यात जोरदार सराव सुरू करणारा बहुतेक वेळा दुखापत पदरात पाडून घेतो.

राहतो सर्वांत अवघड प्रश्न. कधी कधी निकाल खरंच सांगत असतो, की इथे तुझी मजल संपली. तेव्हा काय? एलिउड किपचोगे 2003 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, 5000 मीटरचा जगज्जेता झाला होता. 2012 च्या लंडन ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात मात्र त्याला जागा मिळाली नाही. ट्रॅकवर त्याच्याहून वेगवान माणसं आली होती, आणि हे सत्य नाकारण्यात अर्थ नव्हता. त्याने ते तेवढ्यापुरतंच मानलं: ट्रॅकवर आता आपली जागा नाही. त्याच वर्षी तो रस्त्यावरच्या शर्यतींकडे वळला, आणि 2013 च्या एप्रिलमध्ये हॅम्बर्गला पहिलीच मॅरेथॉन 2 तास 5 मिनिटे 30 सेकंदांत जिंकला. पुढची दोन ऑलिंपिक सुवर्णं सर्वांना ठाऊक आहेत. 2024 मध्ये पॅरिसला तीस किलोमीटरनंतर त्याने शर्यत सोडली, तेव्हा वयाने गाठलं, आता संपलं, असं जगभर बोललं गेलं. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनला तो सहावा आला, 2 तास 5 मिनिटे 25 सेकंदांत, हॅम्बर्गच्या त्या पहिल्या विजयापेक्षा पाच सेकंद लवकर.