केनोशा आणि कोलशेत

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री सगळं ठाणं घरातल्या पाचशे-हजारच्या नोटा शोधण्यात गुंतलं होतं. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या. त्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प निवडून आल्याची बातमी आली. एरवी तिच्यावर आठवडाभर गप्पा रंगल्या असत्या. पुढे सवड झाली, तेव्हा ठाण्यातल्या कोलशेत रोडच्या टॉवरांत प्रश्न एकच होता: आता अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाचं काय?

प्रश्न रास्तच. तेव्हा वर्षाला 85 हजार नवे व्हिसा, त्यासाठी लॉटरी, आणि ऑनसाइटच्या भरवशावर काढलेलं गृहकर्ज. 2015 मध्ये ओबामांच्या सरकारने ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या अनेकांच्या एच-फोर व्हिसावरच्या जोडीदारांना नोकरीची मुभा दिली, तेव्हा इथल्या सासवांनाही तो नियम तोंडपाठ होता. गेल्या दशकातली अमेरिका आपण अशीच वाचली, व्हिसाच्या खिडकीच्या अलीकडून. तिथल्या माणसाचं काय बिनसलंय, हा आपल्या चौकशीचा विषयच नव्हता.

18 एप्रिल 2017 ला ट्रम्प यांनी अमेरिकी माल आणि अमेरिकी माणूस यांना झुकतं माप देणाऱ्या आदेशावर सही केली. आपल्याकडच्या मथळ्यांत एच-वन-बी होतं. सही कुठे झाली, हे कोण बघतो? ती झाली विस्कॉन्सिनमधल्या केनोशात. हे मोटारींचं गाव. 1988 मध्ये तिथली मोटारींची जुळणी बंद झाली, 2010 मध्ये इंजिनांचा कारखानाही गेला. 2016 ची निवडणूक विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांनी फिरवली. तिन्ही मिळून मताधिक्य जेमतेम 78 हजार. कारखाने गेलेल्या गावांचा राग त्या मतांत बराच होता. सगळा नव्हे, वर्णद्वेषही होता, प्रतिस्पर्धी क्लिंटनबाईंची नावडही होती.

बंद कारखान्याची गोष्ट कोलशेतला परकी वाटायचं काही कारण नव्हतं. इथल्या पोस्टाचं नाव आजही सँडोजबाग, पिन 400607. सँडोज ही स्विस कंपनी. 1995 मध्ये तिचा रसायनांचा धंदा वेगळा होऊन क्लॅरियंट झाला. 2014 मध्ये क्लॅरियंटने इथली सुमारे 87 एकर जमीन 1,154 कोटींना बिल्डर लोढांच्या कंपनीला विकली. तिथे लोढा अमारा उभं राहिलं. (त्याच वर्षी याच लोढांनी वरळीत ट्रम्प यांच्या नावाचा टॉवर जाहीर केला होता. योगायोगच, पण झकास.) पलीकडे बायरच्या जागेवर कल्पतरूची वसाहत आली. 2024 मध्ये कोलशेतला बाग खुली झाली, तिचं नाव ग्रँड सेंट्रल पार्क. न्यूयॉर्कला न जाताही तिथली हौस भागते.

मग इथे राग का नाही? माझ्या मते उत्तर सात-बारावर आहे. केनोशात इंजिनांचा कारखाना गेला आणि मागे उरलेली जमीन अनेक वर्षं पडून राहिली. ठाण्यात कारखान्यापेक्षा त्याखालची जमीन महाग झाली. कंपनीला पैसे मिळाले, बिल्डरला प्रकल्प, महापालिकेला विकास शुल्क, मध्यमवर्गाला क्लब हाउससकट टू बीएचके. ज्यात इतक्यांचं भलं झालं, त्याला नुकसान म्हणणार कोण? शिवाय घोडबंदर पट्ट्यात आयटीची मोठाली ऑफिसं आलीच होती. रोजगार गेला म्हणावं, तर सकाळच्या कंपनी बसेस भरून जाताना दिसत होत्या.

पण त्या बसमध्ये बसायला इंजिनिअरिंगची डिग्री लागते. आयटीआय करून प्लांटमध्ये ऑपरेटर म्हणून लागायचं, युनियनचा करार, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि त्या पगारावर मुलांची शिक्षणं, ही वाट गावठाणातल्या पोराला आता त्याच रस्त्यावर सापडत नाही. टॉवरच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसायची नोकरी मिळते, तीही बहुधा कंत्राटाची. अमेरिकेतल्या कारखाना गेलेल्या कामगाराची जी तक्रार होती, ती याहून फार वेगळी नव्हती. आपण मात्र त्याला अडाणी, गोरा, आपल्या मुलांच्या वाटेत आडवा येणारा माणूस ठरवून मोकळे झालो. त्याचं गेलेलं काम ज्या हिशेबाने स्वस्त देशांकडे वळलं, त्याच हिशेबाने आपल्याला प्रोजेक्ट मिळत होते, एवढं तरी ध्यानात यायला हवं होतं.

ट्रम्प यांच्या विजयानंतर साडेतीन महिन्यांनी, 21 फेब्रुवारी 2017 ला, ठाणे महापालिकेसाठी मतदान झालं. 131 पैकी 67 जागा जिंकून शिवसेनेने बहुमत मिळवलं. घोडबंदरची कोंडी आणि पाणी यांवर इथे मतं फिरू शकतात. कोलशेत रोडवरच्या बंद कारखान्यांपायी एकाही उमेदवाराला मत मागावं लागलं नाही, की गमवावं लागलं नाही.