मूत्रपिंडाचे प्रामाण्य

अंगठ्याच्या मुळाशी स्पंदणाऱ्या धमनीला शार्ङ्गधराने जीवाची साक्षी मानले, आणि पिढ्यान्‌पिढ्या वैद्यांनी तिचीच जबानी अखेरची धरून निवाडे दिले. परंतु रोगी समोर बसून बोलतो आहे आणि त्याची ही साक्षी मात्र मूक आहे, अशीही एक व्याधी आहे. १९०८ साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रवैद्याने एका तरुणीच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांची पुष्पमालेसारखी गुंफण पाहिली. तशाच रुग्णांच्या मनगटी नाडी लागत नाही, हे त्याच सुमारास त्याच्या देशबांधवांनी सांगितले. महाधमनी व तिच्या शाखा यांच्या भित्तींना दाह होऊन त्या जाड व अरुंद होतात, असा हा प्रकार. तो बहुधा तरुण स्त्रियांनाच गाठतो. आपल्या देशात तो पुष्कळदा मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीस ग्रासतो, आणि रक्तदाब भयंकर चढतो.

तो का चढतो, यातच सारे तत्त्वज्ञान आहे. कालव्याच्या मुखाशी गाळ साचून आपल्या तालुक्यात पाणी येईनासे झाले म्हणजे एखाद्या मामलेदाराने साऱ्या मुलखात दुष्काळ पडल्याचा खलिता हुजुरात रवाना करावा, तसे मूत्रपिंड करते. आपल्यापर्यंत रक्त कमी पोचते, त्या अर्थी देहातच दाब उणा आहे असे समजून ते रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. त्यापासून पुढे वाहिन्या आकसवणारे व मीठ-पाणी अडवून धरणारे पदार्थ निर्माण होतात. १९३४ साली गोल्डब्लाट या संशोधकाने कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीस चिमटा लावून हेच दाखविले. मूत्रपिंड तेथे निरोगी होते. खोटा होता तो केवळ पुरावा.

मग अपराध कोणाचा? स्वधर्म इमानेइतबारे पाळणाऱ्यास दोष लागत नाही, असे आपण सहज म्हणतो. येथे तर स्वधर्माचरणानेच मेंदूतली वाहिनी फुटण्याची वेळ येते. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण असते, बाधक ज्ञान उपजेपर्यंत त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. नैयायिक मात्र प्रामाण्य बाहेरून पारखून घ्या म्हणतात. मूत्रपिंड कट्टर मीमांसक आहे. पण त्याला बाधक ज्ञान पोचावे कोठून? जी वार्ता आणते तीच वाट अरुंद झाली आहे. मला मीमांसकांविषयी आदर आहे, तरी त्यांच्या सिद्धान्तातली ही फट मला कोणत्याही ग्रंथापेक्षा या रोगाने अधिक स्पष्ट दाखविली.

दुसरे मूत्रपिंड निरोगी असेल, तर चढलेला दाब त्याला यथार्थ कळतो; ते आपले रेनिन आवरते, मीठ बाहेर टाकू पाहते. पण पहिल्याचे फर्मान रक्तात सर्वत्र फिरत असते, आणि सत्य जाणणाऱ्याचे हात त्याने बांधले जातात. एकाच देहात दोन प्रत्यक्षे, आणि हुकूम भ्रान्ताचा!

वैद्याचीही फसगत होते ती अशीच. बाहूची धमनी अरुंद असली तर तेथे मोजलेला दाब उणा भरतो. म्हणून शहाणा वैद्य दोन्ही हातांवर विसंबत नाही, मांडीलाही पट्टा बांधतो. मग औषधांनी दाह शमवून, प्रसंगी नळीच्या टोकावरील फुग्याने ती वाट रुंद केली जाते. मूत्रपिंडाला त्याची चूक कोणी सांगत नाही. रक्त येऊ लागते, एवढेच, आणि ते आपले खलिते धाडणे थांबवते, दाह पुन्हा भडकेपर्यंत.