गोळी कोण देईल?

श्रावणातला दामोदर सप्ताह आटोपल्यानंतरच्या रविवारी, वास्कोत बंदराच्या दिशेने तोंड करून असलेल्या मास्तरांच्या ओसरीवर, माझ्या वर्गातील एका अकरा वर्षांच्या मुलीची कैफियत मांडावयास मी गेले होते. मुलीची आई चार वर्षे छिन्नमनस्कतेने आजारी. वडील बंदरावर पाळीच्या कामाला. आणि त्यांच्या अनुपस्थितीत आईने गोळी घेतली की नाही, गॅस बंद झाला की नाही, दाराला कडी लागली की नाही, याचा पहारा मुलीकडे. नातेवाइकांनी तिला पेडण्यास मामाकडे धाडण्याची तजवीज केली होती, आणि तिने मला एकांतात विचारले होते, "बाई, मी गेले तर गोळी कोण देईल?"

"पाठवावे," मास्तर म्हणाले. "अकरा वर्षांच्या मुलीने कडीच्या आवाजाकडे कान लावून निजावे, हे मला सोसवत नाही. मामाच्या घरी भावंडे आहेत, झोप आहे."

"ती तेथेही कान लावूनच निजेल, मास्तर, कडी मात्र जुवारी, मांडवी आणि शापोरा अशा तीन नद्यांपलीकडे असेल. शिवाय जिला कोणी काही सांगितलेले नाही, ती आपल्या पाठवणीचे कारण स्वतःच शोधते. दुसरीत असताना आपण हट्ट केला आणि त्याच रात्री आई प्रथम भिंतीशी बोलू लागली, असे तिने मला सांगितले."

मास्तर बराच वेळ स्तब्ध होते. "तिला सांगितले तरी काय आहे?"

"आई थकली आहे, एवढेच. आजीने देवाला प्रसाद लावून कौल मागितला, तेही तिच्यापासून लपविले. शेजारची मुले मात्र बांबोळीच्या मनोरुग्णालयाचे नाव घेऊन तिला चिडवितात."

"आमच्या काळी आल्तिन्याचे नाव घेत," ते म्हणाले. "पणजीच्या त्या मनोरुग्णालयाला आबे फारियांचे नाव होते. संमोहनात माणसाला येणाऱ्या विलक्षण निद्रेचे कारण निजविणाऱ्याच्या अद्भुत शक्तीत नसून निजणाऱ्याच्याच मनात आहे, असे 1819 साली पॅरिसात ग्रंथ छापून सांगणारा हा कांदोळीचा पुत्र. आणि त्याच्याच भूमीत मनाच्या आजाराविषयी आपण मुलांना अजून कुजबुजीवर वाढवितो. परंतु बाई, सत्य सांगितलेत म्हणजे पुढचा प्रश्न येणारच: मलाही हे होईल काय?"

"आईबापांपैकी एकाला हा आजार असला, तरी शंभरातील सुमारे नव्वद मुलांना तो होत नाही, असे सांगेन."

"आणि उरलेली दहा?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. मी एवढेच म्हणाले की, मौनाने ती दहा नऊ होत नाहीत; आणि जिला आजाराचे नाव ठाऊक आहे, ती स्वतःच्या मनात काही बदलले, तर वेळीच कोणापाशी तरी जाईल.

"मग सांगा," मास्तर म्हणाले, "पण सांगितल्यावर पहारा तिच्याकडेच ठेवू नका. सत्य आणि जबाबदारी एकाच गाठोड्यात बांधण्याची आपल्याला सवय आहे. सप्ताहात चोवीस तास भजन चालते, परंतु कोणतेही एक पथक चोवीस तास गात नाही; पाळी संपली की टाळ दुसऱ्याच्या हाती देऊन माणूस घरी जाऊन निजतो. या मुलीच्या हातचे टाळ घ्यायला कोण आहे?"

मी कायद्याचा दाखला दिला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यान्वये रुग्णालयात असलेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडता येत नाही. धोक्यामुळे तोडलेच, तर दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो. आमची मुलगी त्या वयाची नाही, आणि तिची आई घरीच आहे; पण मूल तोडण्याच्या निर्णयाचा पुनःपुन्हा विचार झाला पाहिजे ही त्यातली बुद्धी मला घरालाही लागू वाटते. आईच्या हातून मुलीच्या जिवाला धोका असता, तर मी क्षणभरही थांबले नसते, आणि हे मी मास्तरांना स्पष्ट सांगितले.

"आणि आईला विचारलेत?"

मी मान खाली घातली. मामाला, आजीला, वडिलांना, साऱ्यांना विचारले होते. जिच्या मुलीविषयी हा सारा खल चालला होता, तिला विचारावे हे माझ्या मनातसुद्धा आले नव्हते. आजार म्हणजे जणू मातृत्वाचा राजीनामा, असे मीही धरून चालले होते.

दोन दिवसांनी, आई जरा सावध असताना, मी तिच्यापुढे बसले. तिने थांबत थांबत सांगितले, "तिला खेळायला जाऊ द्या. रात्री घरी येऊ द्या."

पेडण्याचा बेत आता चवथीच्या सुटीपुरताच राहिला आहे. सकाळची गोळी वडील देतात, रात्रीची समोरच्या बिऱ्हाडातील काकी. बांबोळीच्या पुढच्या खेपेस मुलीला बरोबर न्यावे आणि आजाराचे नाव तिला डॉक्टरांनी, आईच्या समक्ष सांगावे, असे वडिलांशी ठरले आहे.