अवकाशातला पहाटेचा किलबिलाट

१९५८ साली एक्स्प्लोरर-१ या उपग्रहावरचा, वेगवान कण मोजणारा गायगर गणक ठरावीक उंचीच्या वर गेला की शून्य दाखवू लागे. आयोवा विद्यापीठातले जेम्स व्हॅन ॲलन आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा अर्थ लावला : तिथे कण नाहीत असे नव्हे, ते इतके आहेत की मोजताना यंत्रच थकते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचे हे पट्टे आज व्हॅन ॲलन यांच्याच नावाने ओळखले जातात.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत ते कायमचे कोरल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात दोन पट्ट्यांपैकी बाहेरच्या पट्ट्यातले वेगवान इलेक्ट्रॉन काही तासांत ओसरतात आणि एक-दोन दिवसांत कित्येक पटींनी वाढतात. तिथला वायू इतका विरळ आहे की कण एकमेकांवर जवळजवळ आदळतच नाहीत. मग त्यांना ऊर्जा देतो कोण, आणि हुसकावून लावतो कोण? दोन्ही कामे या विद्युतभारित वायूतल्या, म्हणजे प्लाझ्मातल्या, लहरी करतात.

त्यातली ‘कोरस’ ही लहर विशेष महत्त्वाची. तिची वारंवारिता साधारण काहीशे ते काही हजार हर्ट्झ, म्हणजे आपल्या कानाच्या टप्प्यातली. उपग्रहाने टिपलेला संकेत थेट ध्वनिवर्धकाला जोडला तर वर चढत जाणाऱ्या छोट्या छोट्या शिट्ट्या ऐकू येतात. पहाटेच्या पाखरांसारखा हा आवाज, म्हणून ते नाव. पृथ्वीच्या पहाटेच्या बाजूला तो अधिक जोरकसही असतो. इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती सेकंदाला हजारो गिरक्या घेतो. कोरसचे विद्युतक्षेत्रही त्याच दिशेने फिरते. इलेक्ट्रॉनाच्या स्वतःच्या गतीमुळे त्याला भासणारी लहरीची फिरत त्याच्या गिरकीशी जुळली, की लहरीचा जोर गिरकीगणिक उलटसुलट न पडता एकाच बाजूने लागत राहतो. धक्का क्षीण असतो. त्याचे सातत्य निर्णायक ठरते.

मला यात सर्वांत विलक्षण वाटते ती ऊर्जेची वाटणी. सूर्याकडून आलेल्या झोतांनी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून निघते, तेव्हा म्हणजे चुंबकीय वादळात, पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूकडून कमी ऊर्जेचे असंख्य इलेक्ट्रॉन आत घुसतात. त्यांच्याच ऊर्जेवर कोरस वाढते. ती आपली कमाई मोजक्या, आधीच थोड्या अधिक वेगवान असलेल्या इलेक्ट्रॉनांना देते आणि ते प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतात. तीच लहर इतर काही इलेक्ट्रॉनांची दिशा बदलून त्यांना वातावरणात लोटते. ध्रुवीय आकाशात उघडझाप करणारे प्रकाशाचे ठिपके त्यातूनच उमटतात. पृथ्वीजवळच्या दाट प्लाझ्मात ‘हिस’ नावाची दुसरी लहर इलेक्ट्रॉन सावकाश गाळत राहते. दोन पट्ट्यांमधली मोकळी फट मुख्यतः तिनेच राखली आहे.

इलेक्ट्रॉन बाहेरून आत सरकताना वेगवान होतात की पट्ट्यातच, हा वाद बराच काळ चालला. २०१२ च्या ऑगस्टमध्ये उडालेल्या व्हॅन ॲलन प्रोब्ज या जोडयानाने तो बऱ्याच अंशी सोडवला. ऊर्जा बाहेरून येत असती, तर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम वजा केल्यावर इलेक्ट्रॉनांची घनता बाहेरच्या दिशेने वाढत गेलेली दिसली असती. त्या ऑक्टोबरातल्या वादळात शिखर सापडले ते पट्ट्याच्या मध्यभागी. म्हणजे वेग तिथेच मिळाला होता.

२ सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय महावादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती : चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्ला खाली आला होता. तिचेच काम अलिबागची वेधशाळा आजही पुढे नेते आहे. अशा नोंदींवरून वादळाचा जोर कळतो. पट्ट्याचे पुढे काय होईल ते कळत नाही. सुमारे निम्म्या वादळांनंतर बाहेरच्या पट्ट्यातले वेगवान इलेक्ट्रॉन वाढतात, काहींनंतर घटतात, उरलेल्यांत फारसा फरक पडत नाही. पारडे कुठे झुकणार हे ठरण्यात लहरींचा वाटा मोठा असतो.

आपले दळणवळणाचे आणि ‘नाविक’ या दिशादर्शन प्रणालीचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, याच पट्ट्याच्या बाहेरच्या भागात फिरतात. वेगवान इलेक्ट्रॉन त्यांच्या आवरणातून आत शिरून विद्युतभार साठवतात आणि तो एकदम सुटला तर यंत्रणा बिघडते. व्हॅन ॲलन प्रोब्जचे काम २०१९ मध्ये संपले. आदित्य-एल१ पाठवून भारताने सूर्यावर नजर ठेवली आहे. आता आपल्याच उपग्रहांच्या वाटेवरच्या लहरी मोजणारे यानही पाठवायला हवे.