आप्तवचन आणि जोडणी नसलेला संगणक

इंटरनेटशी जोडणी नसलेल्या संगणकावर डेबियन या संगणकप्रणालीची पॅकेजेस स्थानिक भांडारातून, म्हणजे पेनड्राइव्हवर आणलेल्या संचातून, बसवताना न्यायदर्शनातील शब्दप्रमाणाचा, अर्थात विश्वासार्ह व्यक्तीच्या वचनातून होणाऱ्या ज्ञानाचा, जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: वचन देणारा विश्वासार्ह आहे हे कशावरून ठरवायचे? भांडाराच्या सूचीवर डिजिटल सही असते आणि सूचीत प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे आशयावरून काढलेला ठसा, साखळीने बांधलेला असतो. मात्र सही पडताळणारी सार्वजनिक किल्ली संगणकात आधीच असावी लागते आणि तिची ग्वाही ते भांडार स्वतः देऊ शकत नाही. म्हणजे कुठेतरी विश्वास ठेवावाच लागतो, पण तो तपासणीच्या आड येत नाही: लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगपरंपरेतील विधाने प्रयोगशाळेत तपासली, तरी साधनेवरची निष्ठा ढळू दिली नाही. भांडाराच्या नोंदीत ‘ट्रस्टेड=येस’ लिहून सहीची पडताळणी टाळणे हा मात्र निव्वळ निष्काळजीपणा होय.