हयातीचा दाखला

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात, फराळाच्या डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा उरतो, आणि मग आम्हा निवृत्तांचा एक खासगी सण येतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. आपण जिवंत आहोत, हे सरकारला दरसाल पटवून द्यावे लागते. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन साहेबांपुढे सही करावी लागे. २०१४ पासून यंत्रावर बोट टेकले तरी भागते. माझी झिजलेली बोटे मात्र त्या यंत्राला चटकन ओळखू येत नाहीत.

ही बोटे तारखात्यात झिजली. १९६७ मध्ये मी नोकरीला लागलो, तेव्हा मोर्सची कळ वाजत होती. दिवाळी हा आमचा सुगीचा हंगाम! शुभेच्छांच्या तारांचे मजकूर ठरलेले असत आणि प्रत्येकाला क्रमांक असे. इकडून १ हा आकडा पाठवला की पलीकडच्या कागदावर दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा उमटत. रात्रभर परक्या घरांत अशी दिवाळी पोहोचवून मी घरी येई, तो मुलांची अभ्यंगस्नाने उरकलेली असत.

२००७ मध्ये निवृत्त झालो आणि या हुकलेल्या दिवाळ्यांचा हिशेब घरात वाचून दाखवू लागलो. “तुमच्यासाठीच केले सारे,” हे माझे पालुपद. गेल्या भाऊबीजेला मुलाने दुसऱ्याच दिवशी परतण्याची भाषा काढली, तेव्हा मी पुन्हा ती वही उघडली. मुलगा खाली मान घालून बसला. मुलगी मात्र म्हणाली, “अण्णा, तुमच्या वाटणीची एक फुलबाजी आम्ही दरवर्षी ठेवीत असू. सकाळी उन्हात लावायचो. उजेड दिसायचाच नाही.”

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी भर घातली, “एका वर्षी सुटी मिळत होती. नको म्हणालात ते तुम्हीच.”

खोटे कसे म्हणू? घरातल्या गलक्यापेक्षा त्या कळीचा कडकट्ट मला गोड वाटे. तिथे माझ्यावाचून अडत होते, निदान तसे मला वाटे. ज्याला मी त्याग म्हणत आलो, त्यात माझी हौस निम्मी होती.

निवृत्तिवेतन ही खैरात नव्हे, केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नाकारा खटल्यात सांगितले. तो निकाल मी अभिमानाने अनेकांना ऐकवला आहे. माझी चूक एवढीच, की तो मी घरालाही लावला. कचेरीशी आपला करार असतो. मुलांनी कोणता करार केला होता? माझ्या रात्री त्यांनी मागितल्या नव्हत्या. मागितली होती ती संध्याकाळ.

ययातीने पुरूकडे तारुण्य मागितले, म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. पण त्याने ते उघड मागितले, आणि शेवटी राज्यासकट परत केले. आम्ही आमचे तारुण्य मुलांना दिले असे म्हणतो आणि उरलेले आयुष्य ते हप्त्याहप्त्याने वसूल करीत बसतो.

मग केलेले कष्ट वाया गेले का? मुळीच नाही. त्या पगारावर घर चालले, मुले शिकली. ते कर्तव्य होते आणि ते पार पडले, हीच त्याची पावती. मुलांवर आईबापांचे ऋण नसते असेही मी म्हणणार नाही. पण ते ऋण आठवायचे घेणाऱ्याने. देणारा आठवण करून देऊ लागला, की ऋणाचे कर्ज होते, आणि कर्ज फेडायला येणारा मुलगा सावकाराकडे येतो, बापाकडे नव्हे.

१४ जुलै २०१३ या दिवशी देशातल्या शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. माझी विद्या संपली. बाप होणे तेवढे शिकायचे राहिले आहे.

यंदा मुलगा किती दिवस राहणार, हे मी विचारलेले नाही. फुलबाज्यांचे एक पाकीट मात्र आणून ठेवले आहे. अंधार पडल्यावर लावायच्या आहेत.