पाणी किती फूट?

हे वाचायला बसताना फोन शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा. सावकाश वाचा. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा. कुणालाच घाई नाही. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत, मधल्या कराड, विटा, तासगाव, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) अशा गावांत, समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं दुखणं ऐकून घ्यायचं काम जे करतात, त्यांना मनात धरून हे लिहिलं आहे. ज्यांच्या घरात असं दुखणं असलेलं माणूस असेल, त्यांनीही वाचावं.

एक माणूस आठवा. अपॉइंटमेंटच्या वहीत ज्याचं नाव दिसलं की पोटात गोळा येतो, असं. समजा, ती पंचविशीतली मुलगी आहे. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, 'आजवर तुमच्याइतकं मला कुणीच समजून घेतलं नाही.' तिसऱ्या भेटीत तुम्ही एकदा घड्याळाकडे पाहिलंत आणि चौथ्या भेटीत ती म्हणाली, 'तुम्हीपण सगळ्यांसारख्याच.' मनगटावर आडव्या, जुन्या रेघा, त्या झाकायला कोपरापर्यंत बांगड्या. भांडण झालं की माहेर, माहेरी भांडण झालं की सासर. नोकरी लागते आणि सुटते. फाईलवर आधीच्या डॉक्टरांनी 'व्यक्तिमत्त्व विकार' असं लिहिलेलं आहे आणि घरचे म्हणतात, नाटकं आहेत सगळी.

तिला मनात थोडा वेळ बसू द्या. तिचं काही दुरुस्त करायला जाऊ नका.

आता स्वतःकडे बघा. जबडा आवळला गेलाय का? खांदे वर चढलेत का? काय वाटतंय: राग, कंटाळा, भीती, की आपणच हिला वाचवू शकतो अशी उबळ? जे असेल त्याचं मनातल्या मनात नाव घ्या. चांगला उपचारक असं वाटून घेत नाही, असा विचार आला तर तो बाजूला ठेवा. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने 1949 साली एक निबंध प्रसिद्ध केला. उपचारकाला रुग्णाचा तिटकारा येऊ शकतो, हे त्यात त्याने उघडपणे लिहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने सारख्या पळून जाणाऱ्या नऊ वर्षांच्या एका मुलाला तीन महिने स्वतःच्या घरी ठेवलं होतं. मुलगा बेभान व्हायचा, मोडतोड करायचा. तसं झालं की विनिकॉट त्याला उचलून दाराबाहेर ठेवायचा आणि सांगायचा, की आत्ता जे झालं त्यामुळे मला तुझा राग आला आहे. पण दाराशी एक घंटा होती. मुलाने ती कधीही वाजवावी, लगेच आत घेतलं जाईल आणि झाल्या प्रकाराबद्दल एक शब्द निघणार नाही, असं ठरलेलं होतं.

या घंटेपाशी जरा रेंगाळा. त्या मुलाला दोन गोष्टी एकाच वेळी मिळत होत्या. समोरच्याला खरंच राग आला आहे हे त्याच्यापासून लपवलं जात नव्हतं, आणि त्या रागामुळे नातं मात्र तुटत नव्हतं. ज्या घरात असं मूल वाढलं तिथे यातली एक तरी गोष्ट सहसा नसते. कुठे राग गिळून गोड बोलतात आणि मग महिनाभर अबोला धरतात. कुठे रागाच्या भरात 'जा, मर' असं म्हणून दार लावून घेतात. अशा घरातून आलेल्या माणसाला तुमच्या शांत चेहऱ्यावर भरवसा बसत नाही. तो तुम्हाला तपासून बघणारच, आणि ती तपासणी म्हणजेच उपचाराचा मोठा भाग आहे. नातं आधी जुळवायचं आणि मग खरे उपचार सुरू करायचे, असा क्रम बाकीच्या दुखण्यांत एक वेळ चालेल. इथे नात्याचं दुखावणं आणि ते पुन्हा सांधणं, हेच काम आहे.

एक श्वास घ्या. सोडताना तो थोडा लांबवा.

'स्वभावाला औषध नाही' असं आपण किती सहज म्हणतो. जावेबद्दल म्हणतो, साहेबांबद्दल म्हणतो, पोटच्या पोराबद्दलही म्हणतो. एका अर्थी ते खरं आहे: व्यक्तिमत्त्व विकारावर थेट लागू पडेल अशी गोळी नाही. झोप, सोबतचं नैराश्य, अतिरेकी अस्वस्थता यांवर औषधं दिली जातात, त्यांचा उपयोगही होतो. पण हा माणूस असाच राहणार, असा जो अर्थ आपण त्यातून काढतो, तो चूक आहे. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी बॉर्डरलाइन प्रकारचा व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या 290 रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. हे सगळे कधीतरी रुग्णालयात दाखल झालेले, म्हणजे गंभीर अवस्थेतले. 2010 साली दहा वर्षांचे निष्कर्ष आले. 93 टक्के रुग्णांची लक्षणं एवढी ओसरली होती, की निदान दोन वर्षं तरी तो विकार त्यांना आहे असं म्हणता येत नव्हतं. मात्र लक्षणं ओसरण्याबरोबर कामधंदा आणि माणसांशी संबंधही नीट मार्गी लागले, असे साधारण निम्मेच होते. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी धरून बघा. पहिल्याने तुम्हाला धीर येऊ द्या. दुसरा हे सांगतो, की मनगट कापणं थांबलं म्हणून फाईल बंद करायची नसते. कामावर टिकणं आणि शेजारणीशी बोलता येणं यालाही तेवढाच वेळ द्यावा लागतो.

आपल्या भागात हा वेळ कुठून आणायचा? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. साताऱ्यात वा सांगलीत त्यांतलं एकही नाही. तशी भिंतींआडची जागा या रुग्णांना फार काळ मानवतही नाही. त्यांना लागतं ते राहत्या गावाजवळचं, आठवड्याच्या आठवड्याला भेटणारं माणूस. ते कसं उभं करायचं, याचा एक धडा साताऱ्यातच आहे. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकले, मिरजेत डॉक्टर झाले आणि साताऱ्यात त्यांनी 'परिवर्तन' ही संस्था उभारली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांचे पुत्र, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर, व्यसनमुक्तीचं आणि मानसिक आरोग्याचं ते काम पुढे नेत आहेत. भावनिक प्रथमोपचार शिकलेल्या साध्या कार्यकर्त्याला तिथे 'मानसमित्र' म्हणतात. व्यसनमुक्तीच्या कामात एक गोष्ट कार्यकर्त्यांच्या अंगवळणी पडलेली असते: माणूस पुन्हा प्यायला म्हणून त्याला दार बंद करायचं नाही, आणि तो प्यायलाच नाही असंही वागायचं नाही. व्यक्तिमत्त्व विकारात नेमकी हीच रीत हवी. दारूच्या खाली असा विकार दडलेला असणंही नवीन नाही.

आता त्या मुलीकडे परत या. दिवाळीत तुम्ही आठवडाभर सुट्टी घेतली. रात्री अकराच्या सुमारास तिचा मेसेज आला: 'मी आता येणार नाही. तुम्हालाही मी नकोच आहे.' मेसेज डोळ्यांसमोर आणा. लगेच उत्तर लिहू नका. आधी बोटांना काय लिहावंसं वाटतंय ते बघा. एक मन म्हणेल, तासभर फोनवर बोलून तिला शांत करावं. दुसरं म्हणेल, हे रोजचंच आहे, सकाळी बघू. तिसरं म्हणेल, बरं झालं, सुटले. या तिघांनाही येऊ द्या, बसू द्या. मग दोन ओळींचं उत्तर मनात जुळवा: 'मेसेज वाचला. सुट्टीमुळे तुला एकटं पडल्यासारखं झालं असणार. मंगळवारी चारची वेळ तुझीच आहे, मी वाट बघते. आत्ता जीव द्यावासा वाटत असेल तर तसं सरळ सांग.' तसं असेल तर त्या रात्रीचे नियम वेगळे. घरातल्या माणसाला जागं करायचं, औषधं आणि कीटकनाशकाचे डबे कुलपात घालायचे, 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन लावायचा. तो दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. वेळ पडली तर सरळ दवाखाना गाठायचा. 'पोलीस केस होईल' या धास्तीने घरचे दवाखान्यात न्यायला कचरतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिलं आहे, हे त्यांना पहिल्या भेटीतच सांगून ठेवावं.

हे दोन ओळींचं उत्तर थंडपणाचं नाही. रात्री तासभर बोलून तुम्ही जे द्याल ते पुढच्या रात्री देता येणार नाही, आणि तेव्हा ती दुप्पट दुखावेल. जेवढं वर्षभर पुरवता येईल तेवढंच पहिल्या दिवशी कबूल करावं.

सांगलीत पावसाळ्यात 'पूर आला का?' असं विचारत नाहीत. 'आयर्विनला पाणी किती फूट?' असं विचारतात. 1929 साली बांधून झालेल्या त्या पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी, 45 ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पण ज्यांनी नदीकाठी जन्म काढला त्यांची धावपळ पस्तीस फुटांपासूनच सुरू होते: जनावरं हलवायची, धान्य माळ्यावर चढवायचं, म्हाताऱ्यांना नातेवाइकांकडे पोचवायचं. त्या मुलीला स्वतःच्या मनाबद्दल दोनच गोष्टी ठाऊक असतात, कोरडं पात्र किंवा घरात शिरलेलं पाणी. मधले फूट तिला कुणी मोजायला शिकवलेच नाहीत. मंगळवारी ती आली की ते मोजायला बसा. नणंद हसली तेव्हा किती? नवऱ्याने फोन उचलला नाही तेव्हा किती? छातीत धडधड कितव्या फुटाला सुरू होते? आणि तुमचंही मोजा. तिच्या आवाजाने तुमचं पाणी किती चढतं?

थोडा वेळ हे मोजत राहा. आकडा बरोबर येण्याची गरज नाही.

आपल्याकडे रुसवा बहुतेक वेळा आवाज करत नाही. उपचारातल्या नात्याच्या बेबनावाचा अभ्यास करणाऱ्या जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन यांनी त्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या: अंगावर येणं आणि आत मिटून जाणं. दुसरी तऱ्हा आपल्या गावांत अदबीच्या पदराआड लपते. 'हो मॅडम, चालेल मॅडम, तुम्ही म्हणाल तसं.' मोठ्यांना उलट बोलायचं नाही असं वळण लागलेली बाई तुमच्यावर नाराज आहे हे सांगणार कशी? ती फक्त पुढच्या वेळी येत नाही. अशा वेळी न येण्याचं कारण नीट विचारावं. अवकाळीने द्राक्षावर फवारणी करायला थांबावं लागलं, तोडणी लांबली, एसटी चुकली, ही खरी कारणं असतात. आणि कधी फवारणीचं कारण पुढे करून राग सांगितलेला असतो. दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवून म्हणता येतं, 'मागच्या वेळी मी बोलले त्यातलं काही लागलं का? लागलं असेल तर मला ऐकायचं आहे.' हे वाक्य आत्ता एकदा स्वतःशी म्हणून बघा. म्हणताना आवाजात सारवासारवीचा सूर येतो का, तेही ऐका.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर तुमची 'मॅडम' उरत नाही, 'ताई' होते. मग ताईच्या हातात साताऱ्याचे कंदी पेढे येतात, तासगावचे बेदाणे येतात, भावाच्या लग्नाची पत्रिका येते. शहरातली पुस्तकं म्हणतात, भेट नाकारावी. मला ते आपल्या भागात अन्यायाचं वाटतं. पेढ्याचा पुडा परत करणं म्हणजे घर परत करणं. एक पेढा तिच्यासमोर खावा, पुडा बाहेर बसलेल्यांत वाटायला सांगावा. पण ताई म्हणवून घेतलं की माहेर देण्याचंही वचन दिलं गेलं असं तिला वाटू शकतं, म्हणून काय देता येतं आणि काय नाही हे मायेनेच, पण स्पष्ट बोलावं. आणि बाजारात अचानक गाठ पडली तर ओळख दाखवायची की नाही हे तिनेच ठरवावं, तेही आधी बोलून.

आता तिला क्षणभर बाजूला ठेवा आणि स्वतःच्या मागे कोण उभं आहे ते बघा. मार्शा लिनेहान यांनी अशा रुग्णांसाठी जी उपचारपद्धती घडवली, तिच्यात उपचारकांचा नियमित गट हा उपचाराचाच भाग मानला आहे. तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या, हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. उपचारकाला एकटं ठेवायचं नाही, हा आग्रह त्यांनी पद्धतीतच बांधून टाकला. विट्यातल्या किंवा जतमधल्या एकट्या समुपदेशकाला गट कुठला? पण मिरजेत एक, कराडमध्ये एक, साताऱ्यात एक असे तिघं महिन्यातून एका संध्याकाळी रुग्णांची नावं न घेता फोनवर बोलू शकतात. तिथे 'मला तिचा राग येतो' हे वाक्य म्हणता आलं पाहिजे आणि ऐकणाऱ्याने लगेच उपाय सांगता कामा नये. असं बोलायला तुमच्याजवळ कोण आहे? दोन नावं आठवा. एकच आठवलं तर दुसरं कुठे शोधता येईल ते बघा. हा शोध तिच्या उपचाराइतकाच निकडीचा आहे, कारण थकलेला माणूस सोडून देतो, आणि तिला आजवर ज्यांनी सोडलं ते सगळे असेच थकलेले होते.

शेवटी, निरोपाचा विचार आजच करा, ती नुकतीच यायला लागली असली तरी. या माणसांना बहुतेकांनी न सांगता सोडलेलं असतं. तुम्ही सांगून सोडा. उपचार थांबायच्या कितीतरी महिने आधी दिनदर्शिका तिच्यासमोर उघडा आणि शेवटच्या भेटीची तारीख दोघींनी मिळून ठरवा. ती तारीख ऐकून ती चिडेल, एखादी भेट चुकवेल, जुन्या रेघांवर नवी रेघ ओढायची भाषा करेल. तेव्हा तारीख गुपचूप पुढे ढकलू नका. पाणी किती फुटांवर आहे ते विचारा, खरंच धोका असेल तर दोघींनी बोलून योजना बदला, आणि नसेल तर त्याच तारखेला धरून पुढची भेट घ्या.